राईची हजेरी

एका देवीच्या खांद्यावर मी फुलाची पाकळी मुद्दाम सैल चिकटवली होती. ही गोष्ट मी सहा वर्षे कोणालाही सांगितली नाही. ज्या माणसाला ती सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच. त्या माणसाविषयी लिहायला बसलो की माझे पेन त्या पाकळीपाशी येऊन थांबते. म्हणून ती आधी कागदावर ठेवतो आणि मग क्रमाने सांगतो.

दौलू हवालदार रोज सकाळी झाडांची हजेरी घेत असत.

कऱ्हाडहून कोयनानगरकडे जाताना मोठा रस्ता सोडून डावीकडे वळले की झरेवाडी लागे. खाली नदीकाठी ऊस, वर डोंगर आणि दोहोंच्या मध्ये निनाई देवीची राई. राईत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळलेली काटकी उचलायची नाही, पायात वहाण घालून जायचे नाही, असा गावाचा पूर्वापार नेम होता. राईच्या पोटात एक झरा होता आणि भर उन्हाळ्यातही त्याला मनगटाएवढी धार असे. भूकंपात गावातली निम्मी घरे बसली, तेव्हा सगळे गाव आठवडाभर त्या झाडांखाली राहिले होते.

साखर कारखान्याकडे ऊस नेण्यासाठी रस्ता आखायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पहिल्याच सकाळी लाल-पांढरे बांबू आणि साखळी घेऊन राईजवळ पोचलो, तर आतून खणखणीत आवाज आला.

"नंबर अकरा."

मग तोच आवाज, पण घोगरा होऊन : "हाजिर, साब."

"नंबर बारा."

या वेळी उत्तर किनऱ्या आवाजात आले. मी आत डोकावलो. अंगात गंजिफ्रॉक, खाली खाकी अर्धी चड्डी, मिशा वर वळवलेल्या, असा साठीचा एक काटक गृहस्थ जांभळाच्या झाडासमोर सावधान उभा होता. अकरा नंबरचा हिरडा जुना, म्हणून घोगरा बोलत असे. बारा नंबरचे जांभूळ कोवळे, म्हणून किनरे. उंबराचा आवाज पोट सुटलेल्या माणसासारखा होता. एकटा माणूस साठ-सत्तर गळ्यांनी बोलत होता आणि त्यात त्याला कसलाही संकोच वाटत नव्हता.

एका निष्पर्ण सावरीपुढे ते थांबले. "नंबर तेवीस," म्हणाले आणि स्वतःच मान हलवून पुढे झाले. मी न राहवून विचारले, "यांनी उत्तर दिले नाही?"

"रजेवर हाय," हवालदार म्हणाले. "दर साली पानगळीत जातो, फुलं घिऊन येतो. अर्ज मंजूर हाय त्याचा." मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "तुमी कंपनीत आलासा त्ये बरं झालं. पर बूट बाहीर काडून या."

मी बूट काढून आलो. हवालदारांचा डावा कान परदेशातल्या लढाईत तोफेशेजारी गेला होता आणि माझा आवाज मुळातच खालचा. त्यामुळे आमचे संभाषण नेहमी दुसऱ्या खेपेस पार पडे. मी काही बोललो की ते उजवा कान पुढे करून म्हणत, "आवं साहेब, माझ्यासंगं बोलताय का देवीसंगं? देवीला हळू बोललेलं चालतं. मला न्हाई."

त्यांच्या या झाडांच्या कंपनीचे नियम पलटणीसारखे पक्के होते. नवे रोप उगवले की ते रंगरूट. वर्षभर जगले की त्याला नंबर मिळे. वादळात फांदी मोडली की झाड 'जखमी', आणि त्याच्या बुंध्याला शेणमातीचा लेप. उंच बेहड्याच्या ढोलीत दर वर्षी धनेशाची जोडी घर करी. मादी आत स्वतःला लिंपून घेई आणि नर तिला फटीतून उंबरे भरवी. हवालदार त्या नराला 'रसदवाला' म्हणत आणि तो आला की सलाम करत. आग्या मोहोळ म्हणजे तोफखाना. तिथली हजेरी मात्र ते लांबूनच घेत. "त्यास्नी हाजिर म्हणायला लावायचं न्हाई," ते मला गंभीरपणे म्हणाले. "त्यांनी एकदा उत्तर दिलं व्हतं. चार दिस डोळं उघडलं न्हाईत."

गावाने त्यांच्याकडे पाहून हसणे कधीच सोडून दिले होते; फक्त बायका झऱ्यावर भेटल्या की टोमणा मारत. "आवं हवालदार, आमचा पेरू न्हाई का घ्यायचा पलटणीत?" त्यावर हवालदार म्हणत, "उंची भरत न्हाई त्याची." घरी त्यांचे कोणी नव्हते. पत्नी ते लढाईवर असतानाच वारली होती, एवढेच मला गुरवाकडून कळले. मी त्याहून अधिक विचारले नाही. विचारायला हवे होते.

माझ्या नकाशात रस्ता राईतून सरळ जात होता. राईला वळसा घालणेही शक्य होते. तसा दुसरा आराखडा मी पेन्सिलीने काढलाही होता. पण तो बागायती उसातून जाई, त्यात चौघांची जमीन जाई, त्यांची संमती घेण्यात एक हंगाम निघून गेला असता. कारखाना नव्याने उभा राहत होता. गाळप सुरू होण्यापूर्वी रस्ता झालाच पाहिजे, असे वरून रोज सांगणे येई. हेही लिहिले पाहिजे की रस्ता गावाला खरोखर हवा होता. ऊस बैलगाडीने नेताना वाटेत वाळून वजनाला घटत असे, आणि बाळंतीण अडली तर तिला बाजेवर घालून न्यावे लागे. या सर्व गोष्टी खऱ्या होत्या. मी त्यांच्या आड उभा राहिलो, हेही खरे आहे. कारण माझ्या मनात त्याहून लहान गोष्ट होती. ते काम वेळेत झाले तर मला बढती आणि सांगलीला, घरी, बदली मिळणार होती.

अहवालात झाडांसाठी एक रकाना असतो. त्या राईसाठी मी त्यात लिहिले : 'किरकोळ झाडोरा.' लिहिताना हात थांबला नाही. याचे आज मला अधिक वाईट वाटते.

गावात बैठक बसली. बहुतेकांना रस्ता हवा होता, आणि बहुतेकांना राई तोडण्याची भीती वाटत होती. हवालदार एकटेच उघड विरोधात होते.

"रस्ता करा," ते म्हणाले. "मी काय न्हाई म्हणतो? पर वळसा घालून करा. माणूस देवळाला प्रदक्षिणा घालतो, त्यो काय येडा म्हणून घालतो?"

एकजण म्हणाला, "हवालदार, वळसा घाटला तर माझं रान जातंय त्याचं काय?"

"तुझं रान गेलं तर सरकार पैसं दील. माझा नंबर अकरा गेला तर सरकार हिरडा दील का?"

बैठक हसली, पण निर्णय होईना. शेवटी ठरले की देवीलाच विचारायचे. कौल लावायचा. आमच्या भागात ही रीत सर्वांना ठाऊक आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल झाला की त्यावर कोणी बोलायचे नाही.

कौल एरवी गुरव लावत असे. परंतु वळशाच्या रस्त्यात गुरवाचेही रान जात होते. तेव्हा कोणी लावायचा, यावर पुन्हा घोळ सुरू झाला. गावातल्या ज्याचे त्याचे काहीतरी इकडे किंवा तिकडे होतेच. त्या गोंधळात हवालदार उठून उभे राहिले.

"ह्या साहेबांनी लावावा," ते म्हणाले. "त्यांचं ह्यात ना शेत हाय, ना झाड. बूट काड म्हणालो, काडलं. हळू बोलतोय, पर माणूस सरळ हाय."

सगळ्यांना ते पटले. मी नको म्हणालो, पण माझा आवाज खालचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झऱ्यावर स्नान केले आणि ओल्या पंच्याने देवीपुढे उभा राहिलो. निनाई म्हणजे कमरेएवढी शिळा. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा जाड थर होता, आणि आदल्या दिवशी लावलेला तेल-शेंदूर अजून मऊ होता. गुरवाने तबक पुढे केले. मी डावी पाकळी घेतली आणि अंगठ्याने त्या मऊ शेंदरात नीट दाबली. उजवी नुसती पाण्यात बुडवून खांद्याला टेकवली. माझ्या पाठीशी सारे गाव उभे होते, आणि माझ्या पाठीमुळे कोणालाही माझा अंगठा दिसला नाही. मी दोन पावले मागे आलो, तेव्हा हवालदारांकडे पाहणे टाळले. तरी दिसलेच. त्या दिवशी ते कांबळे पांघरून आले होते आणि त्यांचे डोळे लाल होते. मला वाटले, रडले असतील.

गुरवाने गाऱ्हाणे घातले : "आई, राईतनं रस्ता न्यायची तुझी परवानगी आसंल तर उजवी दे." फार वेळ लागला नाही. पाकळी सुकली, वळली आणि पडली.

हवालदार काही क्षण त्या पडलेल्या पाकळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कांबळे खाली ठेवले, टाचा जुळवल्या आणि देवीला सलाम केला. "हुकूम म्हंजे हुकूम," ते म्हणाले.

मला वाटले होते, ते भांडतील. भांडले असते तर कदाचित मी बोललो असतो. हा 'कदाचित' मी अनेकदा तपासून पाहिला आहे. तो फारसा टिकाऊ नाही.

तोडीच्या आदल्या दिवशी मी डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन झाडांवर खुणा करायला गेलो. हवालदार पूर्ण गणवेशात आले होते. छातीवर पदके, पायात आरशासारखे चमकणारे बूट. राईत बूट घालून आलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. "सरकारी परेड हाय," ते म्हणाले. "देवीची परवानगी घेतलीय." प्रत्येक झाडापुढे ते थांबत, नंबर पुकारत, त्या त्या आवाजात "हाजिर, साब" म्हणत आणि मग सांगत : "नोकरी चोख. डिस्चार्ज." त्यांनी पुढे पाऊल टाकले की मी मागून बुंध्यावर डांबराची फुली मारी. बरोबरचे मजूर सुरुवातीला खाली माना घालून हसत होते. पंचविसाव्या झाडानंतर त्यांच्यातले कोणी हसले नाही. बेहड्यापाशी हवालदारांनी वर ढोलीकडे पाहिले. धनेशाची मादी आत बंद होती.

"साहेब, ह्याला म्हैनाभर थांबवता यील का? बाळंतीण हाय."

मी म्हणालो, ठेकेदाराला विचारतो. विचारले नाही. दोन दिवसांनी बेहडा पडला. नर पुढे कित्येक दिवस चोचीत उंबर धरून, झाड जिथे होते तिथल्या मोकळ्या आकाशात घिरट्या घालत असे. पुढे तोही दिसेनासा झाला.

रस्ता वेळेवर पूर्ण झाला. ठेकेदाराने कडेला देवीसाठी सिमेंटची घुमटी बांधून दिली. मला बढती मिळाली, सांगलीला बदली झाली. घरी माझे कौतुक झाले, आणि मी ते करवून घेतले.

सहा वर्षांनी, याच वर्षी उसाच्या हंगामात, त्या रस्त्यावरची एक मोरी खचली म्हणून मला पाहणीसाठी पाठवण्यात आले. जीप झरेवाडीच्या अलीकडे आली, तेव्हा दुतर्फा ऊस आणि मधून काळा रस्ता, एवढेच काय ते होते. त्या रस्त्याच्या कडेने एक म्हातारा वाकून चालला होता. पाय अनवाणी, पाठीवर लष्करी पिशवी. ट्रॅक्टरवाले भोंगा वाजवून त्याला हसत पुढे जात होते. एका ठिकाणी तो थांबला, रस्त्याच्या मध्यावर नजर लावून काही बोलला आणि पुढे निघाला.

मी जीप थांबवली आणि खाली उतरलो. हवालदारांनी मला लगेच ओळखले.

"या साहेब, या. लय दिसांनी. पोरंबाळं बरी हायेत न्हवं?"

मी पिशवीकडे बोट केले. त्यांनी ती उघडून दाखवली. आत धोंडे होते, नदीतले, गोल.

"पिठ्ठू हाय," ते म्हणाले. "पलटणीत कुणी चूक केली की त्याच्या पाठीवर वजन द्यायचं आन पळवायचं. आता मला पळवत न्हाई, म्हणून चालतो."

"शिक्षा कोणी दिली?"

त्यांनी उजवा कान पुढे केला. मी पुन्हा विचारले.

"मीच. सायब बी मीच, आरोपी बी मीच. सकाळी हजेरी घ्यायची, सगळे गैरहाजर मांडायचे आन मग पिठ्ठू. घुमटीपातूर जाऊन माघारी."

"पण तुमची चूक कोणती?"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. त्या मिशा आता वर वळवलेल्या नव्हत्या. मग ते म्हणाले, "तुमास्नी म्हणून सांगतो. गावात कुणाला ठावं न्हाई. कौल लावला त्या दिशी सकाळी मी हजेरी घेतली न्हाई. ताप व्हता. कांबळं पांघरून पडलो आन वाटलं, आज एक दिस ऱ्हाऊ दे. येवढ्या वर्सांत एकच दिस. तसाच उठून कौलाला आलो." ते थांबले. "आईनं त्येच धरलं, साहेब. ज्याला एक दिस हजेरी घेता येत न्हाई, त्याला पलटण कशाला ठिवायची? म्हणून तिनं उजवी दिली. बायको गेली तवा मी तिकडं समुद्रापल्याड व्हतो. घरी आलो तर बोलायला कुणी न्हाई. पैल्यांदा राईत गेलो आन उगंच नाव पुकारलं, तर वाटलं, कुणीतरी हाजिर म्हणालं. त्ये माझ्यापायी गेलं. सगळं माझ्यापायी."

ते हे सगळे अगदी सरळ आवाजात सांगत होते, एखादा शिपाई रपोट द्यावा तसे. मग त्यांनी पिशवीचे पट्टे खांद्यावर ओढले आणि पुढे निघाले.

मी त्यांच्याबरोबर घुमटीपर्यंत गेलो. जिथे झरा होता, त्या जागी आता सिमेंटचा कोरडा हौद आहे. हौदाच्या काठावर गुरव आणि ट्रकची वाट पाहणारे सहा-सात ऊसतोडे बसले होते. त्यांनी आम्हाला जागा करून दिली. शिळा तीच होती. डाव्या खांद्यावर कुठे अंगठ्याचा ठसा उरला असेल का, म्हणून मी पाहिले. नव्हता. त्यावर सहा वर्षांचे थर चढले होते.

मी हवालदारांना पिशवी उतरवायला सांगितली. ते म्हणाले, "आजून माघारी जायचं हाय." मी स्वतःच त्यांच्या खांद्यावरून ती उतरवली. वाटले होते त्याहून ती बरीच जड होती. मग मी त्यांच्याजवळ सरकून, ज्या आवाजात मी आयुष्यभर बोलत आलो त्याच आवाजात, सांगायचे ते सांगितले.

"काय म्हणालासा?" हवालदारांनी हात कानामागे धरला. "माझ्यासंगं बोलताय का देवीसंगं?"

मी पुन्हा बोललो. त्यांना पुन्हा ऐकू आले नाही. ऊसतोडे आमच्याकडे पाहू लागले. गुरवाने विडी हातात तशीच धरली होती.

"साहेब, मोट्यानं बोला," हवालदार म्हणाले. "हितं सगळी आपलीच माणसं हायेत."

मी उभा राहिलो. पायांतले बूट काढले. आणि जितका आवाज माझ्या छातीत होता, तितका सगळा लावून म्हणालो, "हवालदार, देवीने उजवी दिली नव्हती. मी डावी पाकळी शेंदरात अंगठ्याने दाबून बसवली होती. तुमची हजेरी चुकली म्हणून राई गेली नाही. मी खोटा वागलो म्हणून गेली. हा पिठ्ठू तुमचा नाही, माझा आहे. मला क्षमा करा."